बंद गोदामातला श्वास

आभा सबनीसने मोजणी तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू केली आणि तिसऱ्यांदाही स्क्रीनवर तीच रेघ उमटली. किंचित वर, किंचित खाली, पुन्हा वर.

नवीन पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या वायरलेस लॅबमध्ये ती पीएच.डी. करत होती. उद्याच्या मोबाईल नेटवर्कमध्ये एकाच उंच टॉवरवर सगळा भार नसेल. भिंतींवर, खांबांवर लावलेले वहीएवढे छोटे रेडिओ बॉक्स मिळून एकेका फोनला, एकेका यंत्राला जोडून घेतील. ते कसं जमवायचं, हा तिचा विषय. द्रोणागिरीतल्या कडधान्याच्या एका मोठ्या गोदामात तिने असे बारा बॉक्स लावले होते. त्यांची मोजमापं पनवेलला बसल्या जागी दिसत.

रेडिओ लहरी पोत्यांवर, भिंतींवर, माणसांवर आपटून परत येतात. वाटेत काहीही हललं की त्यांच्यात फरक पडतो. माणसं चालली की रेघ उसळते आणि कुठल्या ओळीतून चालली तेही मागाहून काढता येतं. पण आभाला हवं होतं ते रिकामं, निश्चल गोदाम. बाकी सगळी मोजणी त्याच्याशी ताडून बघायची होती. ती संधी आज आली होती. कीड मारायला औषधाच्या गोळ्या ठेवून गोदाम सात दिवस सीलबंद राहणार होतं. त्या गोळ्यांमधून सुटणाऱ्या गॅसने बॉक्समधलं तांबं खराब होतं, म्हणून लॅबमधल्या निनादने आणि तिने आदल्या दिवशी सगळे बॉक्स बाहेर काढून झरोक्यांवर, सीलच्या प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला बसवले होते. प्लॅस्टिकमधून लहरी आरपार जातात.

नऊ दहाला शटर पडलं होतं. आता दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. रेघ सपाट हवी होती.

"पंखा असेल," शेजारच्या टेबलावरून निनाद म्हणाला. तो तिच्याहून दोन वर्षांनी मागे होता, पण यंत्रांचं सगळं तोच बघायचा.

"आतली वीज बंद आहे. आणि पंखा असा थांबत नाही." आभाने बोट ठेवलं. "हे बघ. मिनिटाला पंधरा, सोळा. इथे एक लांब. मग चार सेकंद काहीच नाही. मग पुन्हा सुरू."

निनाद खुर्ची ओढत जवळ आला.

"श्वास घे," आभा म्हणाली.

"काय?"

"नेहमीसारखा घे. मी मोजते."

ती त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघत राहिली. खिशातलं पेन वर येत होतं, खाली जात होतं. मिनिटात सोळा वेळा.

तिने प्रणितला फोन लावला. गोदामाचा सगळा कारभार प्रणितकडे होता. पूर्वी त्याच्या आजोबांची त्याच भागात मिठागरं होती. आता त्याच्याकडे तीन गोदामं, हमालांच्या टोळ्या आणि पांढरी गाडी होती. माणूस वाईट नव्हता, पण पंधरा दिवसांपूर्वी आभाने असाच फोन करून याच गोदामात थप्प्यांमागे माणूस अडकलाय म्हणून काम थांबवायला लावलं होतं आणि शेवटी निघाली होती वाऱ्याने हलणारी ताडपत्री. हमाल पोट धरून हसले होते.

"मॅडम, परत?" प्रणित म्हणाला.

"प्रणितशेठ, आत कोणीतरी आहे. झोपल्यासारखं. श्वास दिसतोय."

"अकरा माणसं आत गेली, अकरा बाहेर आली. मी स्वतः मोजली. शिट्टी मारली, गोळ्या ठेवल्या, सील केलं. आता उघडलं तर गोळ्या वाया, पुन्हा परवानग्या, आणि माल अडकतो तो वेगळाच. मांजर असेल हो."

"मांजराचा श्वास याहून भरभर चालतो."

"मग तुमची ताडपत्री असेल," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

तिचे मार्गदर्शक गुरुदत्त सर पुण्याला परिषदेला गेले होते. फोन उचलून ते कुजबुजत बोलले. "किती खात्री आहे?"

आभाने खरं ते सांगितलं. "सत्तर टक्के."

"आभा, मागच्या वेळी आपण ऐंशी म्हणालो होतो. डेटा पुन्हा तपास. अर्ध्या तासाने बोलू."

फोन ठेवून ती स्क्रीनकडे वळली. रेघ वर गेली, खाली आली. आत कोणी असेल, तर अर्ध्या तासात गोळ्यांमधून किती गॅस सुटेल हे तिला माहीत नव्हतं. तिने खुर्चीवरची ओढणी उचलली.

"मी जाते. तू इथून हलू नकोस. फायर ब्रिगेडला फोन कर आणि मग मला. फोन चालूच ठेव."

"त्यांना काय सांगू? कोणी पाहिलंय म्हणून?"

"सांग, यंत्राने पाहिलंय. हसले तर हसू देत."

ते हसले नाहीत. निनादने गोदामाचा नंबर सांगितल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की गोळ्या किती वाजता ठेवल्या. गाडी निघते म्हणाले. पण त्यांना यायलाही वेळ लागणारच होता.

आभाची स्कूटर पनवेलमधून बाहेर पडून बंदराच्या रस्त्याला लागली. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. दोन्ही बाजूंनी कंटेनरचे ट्रेलर संथपणे चालले होते, आणि त्यांच्या चाकांच्या उंचीएवढीच तिची स्कूटर. हेल्मेटच्या आत कानात निनादचा आवाज होता.

"अजून पंधरा. अजून झोपलंय, आभा."

गव्हाण फाट्याला सगळं तुंबलं होतं. तिने स्कूटर दोन ट्रेलरांच्या मधून घातली. एरवी तिने हे कधी केलं नसतं. एका ट्रेलरचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. ड्रायव्हरने शिवी हासडली.

"आभा." निनादचा आवाज बदलला होता. "रेघ उसळली. मोठी. काहीतरी उठलं."

"कुठे?"

"मागच्या भिंतीकडे. थांब... चालतंय. आभा, ते चालतंय. मागच्या ओळीतून पुढे येतंय. आता थांबलं. पुन्हा चालतंय." तो धापा टाकत होता, जणू तोच चालत होता. "माणूस आहे गं. नक्की माणूस आहे."

तिला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. डोळ्यांत पाणी आलं तर रस्ता दिसणार नाही, एवढंच तिला कळत होतं. "प्रणितला फोन कर. दुसऱ्या फोनवरून. तो उचलेपर्यंत करत राहा."

जासईच्या पुढे निनाद पुन्हा बोलला. "पडलं. उत्तरेच्या भिंतीपाशी. आता श्वास मिनिटाला अठ्ठावीस."

त्यानंतर तो दर थोड्या वेळाने नुसते आकडे सांगत राहिला. तीस. एकतीस. एकदा म्हणाला, "दिसत नाहीये." ती किंचाळली, "नीट बघ!" मग तो म्हणाला, "आहे, आहे. उथळ आहे, पण आहे."

गोदामाच्या फाटकावर काशीराम बसला होता. साठीचा, जवळच्याच गावातला, खांद्यावर टॉवेल. आभाला धावत येताना बघून तो उठला.

"काशीरामकाका, आत कोण राहिलंय?"

"कोन नाय मॅडम. समदे गेले. हमाल नाष्ट्याला गेले, औषधवाले पलीकडच्या गोदामात हायत."

"हमाल सोडून कोणी? अजून कोण येतं इथे?"

"झाडूवाली ठमाबाई येते. पन ती तर..." तो बोलता बोलता थांबला. गोदामात फोन न्यायला बंदी होती. सगळ्यांचे फोन त्याच्या टेबलाच्या खणात जमा होत आणि जाताना परत मिळत. त्याने खण उघडला. आत, रबर लावून बांधलेला, बटणांचा एकच फोन उरला होता.

काशीराम त्या फोनकडे बघत राहिला. "ठमीचा हाय," तो म्हणाला. मग त्याने टेबल धरलं. "तिला एका कानानं ऐकू नाय येत. शिट्टी..."

"मोजणीत ती नव्हती?"

"यादी हमालांची असते मॅडम. झाडूवालीला कोन मोजतं?"

दोघं शटरकडे धावले. शटरच्या कडांना चिकटपट्ट्या होत्या, मधोमध कवटीचं चित्र आणि लाल अक्षरात आजची तारीख. आभाने दोन्ही मुठींनी शटर बडवलं. "ठमाबाई! ठमाबाई!" पत्रा गडगडला. आतून काही आलं नाही. तिने कान लावला, आणि तेव्हाच खालच्या फटीतून तो वास आला. लसूण जास्त झाल्यासारखा, त्यात काहीतरी सडकं.

ती झटकन मागे सरली. चार पावलं. तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी पाय पुढे जाईनात. श्वास घ्यायचा की नाही, हेच तिला कळेना. पत्र्यापलीकडे एक बाई तोच वास छातीत भरून घेत होती आणि आपण मागे सरलो, हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

"किल्ली?"

"शेठकडं."

काशीराम औषधवाल्यांना बोलवायला पलीकडच्या गोदामाकडे पळाला. त्या वयात तो इतकं पळू शकेल असं वाटलं नसतं. तेवढ्यात पांढरी गाडी आत आली. प्रणित उतरला तेव्हा त्याच्या हातात किल्ल्या होत्या आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"निनादने बारा फोन केले," तो म्हणाला. "मी म्हटलं, बघू तरी..."

"ठमाबाई आत आहे."

त्याने कुलुपाला किल्ली लावली.

औषधवाल्यांचा प्रमुख तोंडाला मास्क चढवत आला. त्याने सगळ्यांना वारा ज्या बाजूने येत होता तिकडे, फाटकापर्यंत मागे हटवलं. "गॅस सुटायला लागलाय, पण पुरता भरलेला नाही," तो म्हणाला. "पन्नास ओळी आहेत. कुठे बघू?"

आभाने फोन कानाशी घट्ट धरला. "निनाद, कुठे?"

"उत्तरेची भिंत. मागून चौथा खांब. पण तो आत गेला की त्याच्या चालण्याने सगळं पुसलं जाईल. मग मला काही दिसणार नाही. आत्ता सांगतोय तेवढंच."

"उत्तरेची भिंत, मागून चौथा खांब," आभा ओरडली.

शटर वर गेलं. प्रमुख अंधारात शिरला. त्याचा एक साथीदार झरोक्यांचं प्लॅस्टिक काठीने फाडत सुटला. निनाद कानात म्हणाला, "गेलं. आता नुसता गोंधळ दिसतोय." आणि गप्प झाला.

आभा आत बघत राहिली. पोत्यांच्या थप्प्या आणि त्यांच्यामधली काळी गल्ली. चौथा खांब चुकीचा असला तर? तिने 'मागून' म्हटलं, पण मागून म्हणजे कुठून, हे त्याला कळलं असेल का? गणित एका उलट्या चिन्हाने चुकलं असेल तर तो आत्ता दक्षिणेच्या भिंतीशी शोधत असायला हवा. अशी चूक तिने पूर्वी केली होती. कागदावर ती खोडून दुरुस्त करता आली होती.

शेजारी काशीराम हात जोडून उभा होता. प्रणित खाली बसला होता, गुडघ्यात डोकं घालून.

मग अंधारातून प्रमुख पाठमोरा, वाकून, काहीतरी ओढत येताना दिसला. हिरवं लुगडं. एक पाय अनवाणी. प्रणित उठून धावला आणि दोघांनी मिळून ठमाबाईला उचलून फाटकाबाहेर, वाऱ्यावर आणलं. तिचे ओठ निळसर पडले होते. तिने एकदा डोळे उघडले आणि पोटातलं सगळं बाहेर काढलं. तेवढ्यात फायर ब्रिगेडची गाडी आणि मागोमाग ॲम्ब्युलन्स आली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, या गॅसवर उतारा नाही. हृदय तग धरतं का, ते अठ्ठेचाळीस तास बघायचं. ते दोन दिवस आभा कॉलेजात गेली नाही. ठमाबाईची सून शकू बाकावर बसून होती, आभा तिच्या शेजारी. शकूने दर तासाला तोच प्रश्न विचारला, "जगतील ना?" आभाला दर वेळी वाटायचं, टक्के विचारू नयेत हिने. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्स बाहेर येऊन म्हणाली, की पेशंट चहा मागतेय. शकूने पदर तोंडात कोंबला आणि खूप वेळ तशीच बसून राहिली.

इथे भीती संपायला हवी होती. पण आठवड्याने प्रणित लॅबमध्ये आला. चौकशी लागली होती.

"मॅडम, त्या दिवशीचं सगळं रेकॉर्ड तुमच्याकडे आहे ना? ती किती वाजता झोपली, किती वेळ झोपली?" तो नजर चुकवत बोलत होता. "कामाच्या वेळी झोपली होती, एवढं कागदावर आलं तर बरं. आणि नंतर हे बॉक्स कायमचेच लावू या. कोण कुठे बसलंय, कोण कामचुकारपणा करतंय, सगळं दिसेल. खर्च आम्ही करू."

हे करता येत होतं. सहज करता येत होतं. तिने त्याला नंतर कळवते म्हणून वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी ठमाबाईच्या घरी गेली.

ठमाबाई ओटीवर उशीला टेकून बसली होती. आवाज खोल गेला होता.

"रक्तदाबाची गोळी घेतली व्हती, बाय. डोळं जड झालं. पोत्यांमागं जरा टेकले. जाग आली तवा काळोख. डोकं फुटत व्हतं. भिंत धरून चालत गेले, वरडले पन आवाजच निघंना. म्हटलं, मेले मी." तिने आभाकडे पाहिलं. "तुला पनवेलात बसून कसं कळलं?"

आभाने जमेल तसं सांगितलं. ठमाबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजी मी झोपले व्हते ते बी दिसलं तुला?"

"हो."

ठमाबाईने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. "कुनाला सांगू नको, बाय. झोपली म्हनून कामावरनं काढतील."

त्या रात्री आभाला झोप लागली नाही. रेकॉर्ड पुसलं तर तो गुन्हा. दिलं तर बाईच्या गळ्यात दोष. सकाळी तिने गुरुदत्त सरांपुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या. परिषदेतल्या त्या फोनपासून सर तिच्याशी जरा जपूनच बोलत. ते म्हणाले, "पुसायचं नाही. पण पूर्ण बघितलंस का? शटर पडायच्या आधीचं?"

ते तिने बघितलं नव्हतं. दोघांनी आठपासूनची मोजमापं उलगडली. माणसं कुठून कुठून चालली, ते ओळीओळीने लागत गेलं. पोती, हमाल, गोळ्यांच्या थाळ्या. आणि मागच्या आठ ओळींमध्ये साडेआठनंतर एकही माणूस फिरकला नव्हता. सील करण्याआधी प्रत्येक ओळीत जाऊन बघायचं, हा नियम होता. कागदावर फेरी झाली अशी सही होती. प्रत्यक्षात ती झालीच नव्हती.

आभाने सगळं रेकॉर्ड चौकशीला दिलं, काही न गाळता. अधिकाऱ्याने कागद बघून प्रणितला विचारलं, "मागच्या ओळींत कोण गेलं होतं?"

समोर ठमाबाई शकूचा हात धरून बसली होती. प्रणितने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कोणीच नाही. मीच सही केली. घाई होती."

ठमाबाईचं काम राहिलं. उपचार गोदामाकडून झाले. प्रणितला दंड झाला आणि त्याच्याकडचं दुसरं एक गोदाम गेलं. कायमच्या बॉक्सचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पण दुसऱ्या दोन कंपन्यांची पत्रं गुरुदत्त सरांना आली. दोघींनाही तेच हवं होतं. सरांनी ती आभासमोर ठेवली. तिने नकार लिहून दिला. अशी पत्रं पुढेही येत राहतील आणि कोणीतरी कधीतरी हो म्हणेल, हे तिला ठाऊक होतं.

जानेवारीत त्याच गोदामात पुन्हा गोळ्या ठेवायची वेळ आली. या वेळी प्रणितने स्वतःहून तिला बोलावलं. ती लॅपटॉप घेऊन फाटकापाशी बसली. माणसं बाहेर आली, नावं वाचली गेली, झाडूवाल्यांचीसुद्धा. रेघ हळूहळू खाली येत सपाट झाली.

"रिकामं आहे म्हणा मॅडम," प्रणित म्हणाला. "म्हणजे गोळ्या ठेवायला सांगतो."

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आभाने रेघेकडे पाहिलं. ती इतकी सपाट होती, की तिच्यावर विश्वास ठेवण्याची तिला धास्ती वाटली. एखाद्या लहान मुलाचा उथळ श्वास या रेघेत दिसेल का? पोत्यांच्या दोन थप्प्यांच्या बेचक्यात कोणी असलं तर?

तिने लॅपटॉप मिटला. "टॉर्च द्या."

ती पहिल्या ओळीत शिरली. प्रणित दुसऱ्या ओळीत गेला. पन्नास ओळी, प्रत्येकीच्या टोकापर्यंत, थप्प्यांच्या मागे वाकून. कोणी नव्हतं. बाहेर येऊन ती घाम पुसत उभी राहिली. औषधवाले थाळ्या घेऊन पुढे झाले.

"थांबा," ती म्हणाली. "अजून एकदा."

प्रणितने टॉर्च पुन्हा पेटवला.